अडखळ कुठी आहे

रामटेके भाऊ एका जागी स्थिर राहायचे ते फक्त खांबावर चढल्यावर, असं त्यांच्याबरोबर नोकरी केलेले लोक सांगत. मी त्यांना खांबावर कधी पाहिलं नाही. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा टेलिफोन खात्यातली त्यांची लाइनमनची नोकरी संपलेली होती आणि खांबही गावातून जवळजवळ संपले होते. मी पाहिले ते जमिनीवरचे रामटेके भाऊ. दारापासून शेवटच्या कॉम्प्युटरपर्यंत जायचे, भिंतीला हात लावायचे, परत दारापर्यंत यायचे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात, स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास आहे. खोली लांबट आणि अरुंद. भाऊ आले की पोरं आपोआप पाय खुर्चीखाली ओढून घ्यायची. शर्टाच्या खिशात टेस्टर असायचा. चालताना तो काढून बोटांत फिरवायचे, परत खिशात ठेवायचे, परत काढायचे. मी वैतागून म्हणायची, भाऊ, बसा की जरा, माझं डोकं गरगरायला लागलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. बसलं की त्यांचं डोकं बंद पडायचं.

पहिल्यांदा आले ते एप्रिलच्या भर दुपारी. आमच्याकडे त्या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. सायकलच्या कॅरियरवर सीपीयू ट्यूबच्या रबराने आवळून बांधलेला, डोक्याला ओला दुपट्टा. सीपीयू माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, गेम अडखळून राह्यला. मला वाटलं नातवाचा असेल. कोणाचा गेम, असं विचारलं तर म्हणाले, माहाच.

मी हसले. माणसाच्या तोंडावर हसायची मला वाईट खोड आहे, त्यापायी दोन नणंदा दुरावल्या आहेत. भाऊंनी माझं हसणं पूर्ण होऊ दिलं. मग शांतपणे विचारलं, "हसून झालं न बाई? आता पाहा, अडखळ कुठी आहे."

गेम तोच होता जो माझ्या क्लासातली पोरंही चोरून खेळायची. विमानातून बेटावर उडी मारायची, घरं धुंडाळून बंदुका गोळा करायच्या, आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. इंटरनेटवर शंभर माणसं एकाच वेळी खेळतात, दोघादोघांच्या जोड्या करूनही खेळता येतं. साठीच्या माणसाने हे खेळावं याचं मला नवल वाटत होतं, पण एव्हाना मी तोंड आवरलं होतं. मी शिकवायच्या सुरात सांगितलं की भाऊ, दोन वेगळे आजार आहेत. तुम्ही बटण दाबलं आणि गोळी उशिरा सुटली, समोरचा माणूस इथून एकदम तिथे उडाला, तर तो लॅग. म्हणजे इंटरनेटवरून निरोप उशिरा पोचतोय. आणि चित्रच थांबत थांबत, झटके खात पुढे गेलं, तर तो तुमच्या कॉम्प्युटरचा दम कमी पडतोय. त्यात इंटरनेटचा दोष नाही.

भाऊ ऐकताना तीन फेऱ्या मारून आले. मग म्हणाले, म्हणजे एकात पोस्टमन लेट, आणि दुसऱ्यात पोस्टमन टायमावर, पण घरातलं माणूसच दार उघडायला वेळ लावते. मी सोळा वर्षं पोरांना हे शिकवत होते आणि मला इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मी क्लासात भाऊंचंच उदाहरण देते, त्यांचं नाव न सांगता.

सीपीयू मी जोडून पाहिला. तासभर गेम चालवला, झटका एक नाही. तसं सांगून परत पाठवला. चौथ्या दिवशी भाऊ परत दारात, सीपीयू परत कॅरियरवर. घरी पुन्हा अडखळतो म्हणाले. मी परत लावला, परत चालला. आतली धूळ फुंकली, पंखा पुसला, नको ते प्रोग्रॅम काढून टाकले. आठवड्याने परत. एवढ्या उन्हात तो डबा घेऊन माणूस किती फेऱ्या मारणार? चिडून मी विचारलं की इतकी काय निकड आहे त्या गेमची. पोरं खेळतात, हरतात, आईच्या शिव्या खातात आणि झोपतात. तुम्हाला काय एवढं?

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. रविवारी दुपारी तीन वाजता त्यांची मुलगी अस्मिता बंगळूरहून गेममध्ये येते. दोघं जोडी करून खेळतात. कानाला हेडफोन असतो, त्यातून बोलणं होतं. आणि तेवढंच बोलणं होतं. फोन ती उचलत नाही. गेम अडखळला की म्हणते, "लॅग होऊन राह्यला बाबा, ठेवते," आणि जाते. मग पुढचा रविवार.

"मागच्या रविवारी अकरा मिनिटं राह्यली," ते म्हणाले. "त्याच्या पहिले चाळीस राह्यली होती."

क्लासला कुलूप लावलं आणि स्कूटी काढली. सीपीयू पायाशी घेऊन भाऊंच्या घरी गेले. ते सायकलने माझ्या मागे.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याच्या खाली भाऊंच्या बायकोचा, सुमनबाईंचा. कॉम्प्युटर खिडकीजवळच्या टेबलावर. भाऊंनी सीपीयू खाली ठेवला, वायरी जोडल्या आणि मग खुंटीवरून एक कापडी कव्हर काढून सीपीयूवर चढवलं. जुन्या पातळाचं शिवलेलं, जांभळं, खाली झालर, बटणापुरतं समोर गोल भोक. चांगलं जाड, दोन पदरी.

गेम सुरू केला. दहा मिनिटं ठीक. मग चित्र झटके खायला लागलं. मी कव्हरवरून हात ठेवला. तव्यासारखं तापलेलं होतं. कॉम्प्युटर तापला की स्वतःला वाचवायला हळू चालतो, ही आमच्या धंद्यातली बालवाडीतली गोष्ट आहे. माझ्या क्लासात त्याच्यावर कव्हर नव्हतं, म्हणून तिथे चालत होता. भाऊ दर वेळी माझ्याकडे आणताना ते कव्हर काढून खुंटीला लावून येत, मळू नये म्हणून. मला सांगायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आमच्याकडे मिक्सरला कव्हर असतं, टीव्हीला असतं, रिमोटला प्लास्टिक असतं. नवी वस्तू घरात आली की पहिलं तिला झाकतात. सीपीयूला घातलं यात कोणाला काय वावगं वाटणार?

मी झालर धरून ते खस्सकन ओढून काढलं. मला माझी हुशारी दाखवायची घाई झाली होती. "हे बघा, ही तुमची अडखळ," मी म्हटलं.

भाऊंनी कव्हर माझ्या हातातून घेतलं. त्याची घडी केली, मनासारखी झाली नाही म्हणून उलगडून परत केली. "सुमननं शिवलं होतं," म्हणाले. "अस्मिताचा कॉम्प्युटर धुळीनं खराब होईन म्हणे." मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. भाऊ मात्र लगेच गेमकडे वळले होते. चित्र सरळ चालत होतं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारून त्यांनी मला चहा विचारला.

चहा पिताना बाकीचं कळलं. आदल्या पावसाळ्यात सुमनबाईंना ताप आला, तो डोक्यात गेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात तीन दिवस होत्या. अस्मिताला बंगळूरला नवीनच नोकरी लागली होती आणि ट्रेनिंगची शेवटची परीक्षा त्याच आठवड्यात होती. नापास झाली तर नोकरी जाणार. भाऊंनी ठरवलं की पेपर होऊ दे, तोवर हिला उतार पडेल, मग सांगू. चौथ्या दिवशी पहाटे सुमनबाई गेल्या, तेव्हा फोन केला. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. उन्हाळ्याच्या दिवसांत सुद्धा आपल्याकडे प्रेत उचलायला लांबच्या पाहुण्यांची वाट पाहतात, इथे तर मुलगी होती. पण पाऊस लागलेला, नातेवाईक घाई करत होते, आणि भाऊंना त्या दिवशी कोणाला नाही म्हणता आलं नाही. अस्मिता पाच दिवस घरात राहिली, बापाशी एक शब्द बोलली नाही आणि गेली.

मग काही महिन्यांनी भाऊंनी एकटेपणाला कंटाळून तिचा जुना कॉम्प्युटर चालू केला. समोर गेमचं चित्र होतं, ते दाबलं. तिचं जुनं खातं उघडंच राहिलं होतं. तिकडे बंगळूरला तिच्या नव्या खात्याच्या यादीत तिचंच जुनं नाव हिरवं झालं. तिने लिहिलं, कोण आहे? भाऊंनी एका बोटाने शोधत शोधत लिहिलं, मी. मग खेळायला बोलावल्याचा निरोप आला.

"मी जन्मात बंदूक नाई धरली बाई," भाऊ सांगत होते, "पहिल्या मिनिटात मेलो. पण तिनं दुसऱ्यांदा बोलावलं."

गेममध्ये ते काय करायचे हे मी पुढे पाहिलं. गोळी त्यांना कधीच जमली नाही. ते बेटावर उतरले की जवळचा विजेचा टॉवर किंवा उंच छप्पर गाठायचे, वर चढायचे आणि तिथून सांगत राहायचे. उजव्या हाताच्या घरात एक शिरला, पुलाखालून दोघं येऊन राह्यले. ती खालून मारायची. तीस वर्षं खांबावर काढलेला माणूस तिथेही खांबच शोधायचा. त्यांची जोडी बरेचदा शेवटच्या दहांत असायची.

झटके गेल्यावर राहिला तो खरा लॅग. आणि त्याच्यामागे भाऊ जे लागले ते पाहून मला कधी कधी त्यांची धास्ती वाटायची. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडून दुसऱ्या यंत्राला हाक मारता येते आणि ओ यायला किती वेळ लागला तो आकडा दिसतो. त्याला पिंग म्हणतात, जितका कमी तितका चांगला. हे मी त्यांना शिकवलं आणि पस्तावले. भाऊ दिवसभर हाका मारत बसले. आधी घरातल्या इंटरनेटच्या डबीला, मग बाहेरच्या यंत्राला. दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने, सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे. त्यांची पद्धत एकच होती. एकेक वस्तू संशयातून काढत जायची, जे उरेल ते खरं. डबी दुसऱ्या खोलीत होती, तिथून टेबलापर्यंत वायर टाकली. डबी बदलली. वायर बदलली. शेजाऱ्यांना विनवून रविवारी तीन ते चार त्यांचा वायफाय बंद करायला लावला. ते शेजारी आता माझ्याशीही नीट बोलत नाहीत.

गावात बोभाटा झाला. पोरं त्यांना पिंगभाऊ म्हणायला लागली आणि आपापल्या घरी न्यायला लागली. भाऊ जायचे. शिरल्याबरोबर डबी कुठे आहे ते विचारायचे आणि ती हमखास लोखंडी कपाटामागे किंवा फ्रिजच्या डोक्यावर निघायची. एका मास्तरांच्या घरी मुलाचा गेम रोज संध्याकाळी साडेसातला अडकायचा. मास्तरांचं म्हणणं, गेम म्हणजेच रोग आहे, इंटरनेट तोडून टाका. भाऊ दोन संध्याकाळी तिथे फेऱ्या मारत राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दिसलं की साडेसातला मास्तर आतल्या खोलीत दार लोटून मोबाइलवर कुस्त्या पाहतात. घरातलं सगळं इंटरनेट त्या कुस्त्यांत जायचं. मी म्हटलं, मग सांगितलंत की नाही मास्तरांना? भाऊंनी सांगितलं नव्हतं. मुलाला म्हणाले, साडेसातला जेवून घेत जा.

पुढच्या मार्चमध्ये आकडे एकदम बिघडले. दहा हाकांतल्या दोन-तीनला ओच येईना. डबीपर्यंत ठीक, पुढे घोटाळा. इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याची माणसं आली, डबीचे दिवे पाहिले, सगळं ओके आहे म्हणाली आणि गेली. रविवारी अस्मिता सहा मिनिटं राहिली. सोमवारी सकाळी भाऊ वर बघत बघत घरातून निघाले आणि इंटरनेटच्या तारेखालून चालत सुटले. ती तार गावाबाहेर शेतांच्या धुऱ्या-बांधांवरून जाते, मग जंगलाच्या कडेने. मी दुपारी जेवणाचा डबा द्यायला म्हणून शोधत गेले तर तीनेक किलोमीटरवर एका मोहाच्या झाडाखाली सापडले. येसूबाई नावाच्या एका म्हातारीसमोर उभे होते आणि चक्क ऐकून घेत होते.

तिथे खांबच नव्हता. केबलवाल्यांनी तार सरळ मोहाला बांधून पुढे नेली होती. माकडांनी झोके घेऊन घेऊन ती खाली लोंबवली होती. आणि मोह गळायचे दिवस होते. आमच्याकडे फुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात, म्हणजे फूल चटकन दिसतं. येसूबाईने पिढ्यान्‌पिढ्याच्या रिवाजाप्रमाणे पाला पेटवला होता. वरची तार तुटली नाही, नुसती भाजली. तुटली असती तर कोणीतरी येऊन जोडली असती. भाजलेली तार दहातले दोन-तीन निरोप गिळत होती.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे मध्ये तोंड घातलं. आजी, तुमच्या जाळानं अर्ध्या गावाचं इंटरनेट गेलं. येसूबाईने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"झाड माह्यं आहे," ती म्हणाली. "तार कोनाची आहे? तिले इथी कोनं बांधलं? मले कोनी पुसलं?"

भाऊ म्हणाले, "बरोबर आहे बाई तुमचं. पुसाले पाह्यजे होतं." मग त्यांनी तिला विचारलं की जागा झाडून दिली तर जाळायची गरज पडेल का. ती म्हणाली, झाडते कोन? माही कंबर पाह्य.

भाऊ झाडायला लागले. केबलवाल्याकडे चार दिवस खेटे घालून तार बदलवून घेतली, दोन बांबू बांधून ती फांद्यांच्या वर उचलली, आणि मोह गळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ महिनाभर, रोज उजाडता सायकलने जाऊन येसूबाईचा मोह खराट्याने झाडून आले. केबलवाल्याने फांदी तोडायची तयारी दाखवली होती, पाच मिनिटांचं काम. भाऊंनी तोडू दिली नाही. येसूबाई त्यांना पळसाच्या पानात मूठभर फुलं द्यायची, ती ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. क्लासभर वास सुटायचा आणि पोरं फिदीफिदी हसायची. भाऊंच्या कॅलेंडरवर एप्रिलमध्ये सगळे आकडे अडतीस-चाळीसच्या आत होते. मूलमध्ये एवढी साफ लाइन कोणाकडे नव्हती, कलेक्टरकडे सुद्धा नसेल.

आणि तरी अस्मिता रविवारी कधी दहा मिनिटांत जायची, कधी पंधरा.

मला याचं कारण कळायला जुलै उजाडला. पावसाने त्यांच्या मोहल्ल्यातली वीज गेली म्हणून रविवारी ते धावत माझ्या क्लासवर आले. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. तीनला दोन मिनिटं कमी होती. माझ्या क्लासातल्या सगळ्या हेडफोनांचा एक तरी कान मेलेला असतो, म्हणून त्यांनी स्पीकर लावला आणि वेगळा माइक जोडला. खोलीत आम्ही दोघंच. मी हजेरीचं काम करत होते, पण कान तिकडेच होते. मुलीचा आवाज सुमनबाईंच्या फोटोसारखाच निवांत असेल असं मला उगाच वाटलं होतं. तसा नव्हता, तुटक होता. डावीकडे बघा. तिथेच थांबा. आली गाडी.

खेळ चांगला चालला होता. भाऊ एका हाताने माऊस धरून उभे होते, दुसऱ्या हातात टेस्टर फिरत होता. मध्येच म्हणाले, "घरामांगचा कढीपत्ता बम फुटला या पावसात. तुह्या आईनं लावला होता न, तो."

मग स्पीकरमधून आलं, "लॅग होतोय बाबा, ठेवते."

गेममध्ये एक बटण दाबून ठेवलं की प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचा पिंग दिसतो. भाऊंचं बोट त्या बटणावर होतंच. मी खुर्चीतून उठून पाहिलं. भाऊंचा एकोणचाळीस, तिचा बावीस. दोन्ही हिरवे. मग तिचं नाव गेलं.

मला राहवलं नाही. "भाऊ, लॅग नव्हता," मी म्हटलं.

"मले मालूम आहे बाई."

"कधीपासून?"

"मोह झाडून राह्यलो होतो तवापासून. कधी कधी त्याच्या पहिलेबी."

माझा संताप झाला. कशाचा, ते आजही सांगता येणार नाही. महिनाभर दुसऱ्याच्या झाडाखाली खराटा मारणारा हा माणूस, शेजाऱ्यांचं वाकडं तोंड पाहणारा, आणि सगळं माहीत असून! मी बोलून गेले की मग ही यातायात कशासाठी केलीत, कोणाला दाखवायला?

भाऊ दारापर्यंत गेले, परत आले. बाहेर पाऊस वाजत होता. म्हणाले, "लाइन खराब राह्यली असती तं मी लाइनचंच नाव घेत राह्यलो असतो. ती बी तेच म्हणे, मी बी तेच. आता कव्हर नाई, डबी नाई, तार नाई. एकेक काढत गेलो. उरलो मीच."

मग मी ते बोलले जे मला बोलायचा काही अधिकार नव्हता. म्हटलं, भाऊ, कढीपत्त्याचं काय सांगता, जे सांगायचं ते सांगा. त्यांनी टेस्टर खिशात ठेवला, छत्री न घेता पावसात निघून गेले. आठवडाभर आले नाहीत. मी मनात शंभर वेळा स्वतःची जीभ छाटली. स्कूटीवरून दोनदा त्यांच्या घरावरून गेले, दार उघडं होतं, आत ते फेऱ्या मारताना दिसले, पण थांबायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या रविवारी मी त्यांना पाहिलं, ते शेवटचं. त्यानंतर दोन दिवसांनी ते बल्लारशाहून गाडी पकडून बंगळूरला गेले आणि आता तिकडेच असतात. मध्ये घराचं आवरायला येऊन गेले म्हणे, तेव्हा मी माहेरी होते. फोन येतो अधूनमधून, बोलता बोलता पावलांचा आवाज येत असतो. पण डोळ्यांपुढे येतात ते त्या रविवारचे.

त्या दिवशी त्यांच्या मोहल्ल्यात वीज होती. तरीही पावणेतीनला ते क्लासवर आले. मी का म्हणून विचारलं नाही. मला वाटतं, घरी, सुमनबाईंच्या फोटोसमोर त्यांना ते बोलायचं नव्हतं. मी शिकवणीला आलेल्या दोन मुलींना सुट्टी दिली. माझ्याही जाण्याची वेळ होती, मी उठले, तर म्हणाले, राहा बाई.

तीनला ती आली. विमानातून दोघांनी उडी मारली. भाऊ टॉवरवर चढले नाहीत. तिच्या बाजूलाच उतरले आणि उघड्या रस्त्यावर उभे राहिले. ती म्हणाली, बाबा, आडोशाला या, मारतील.

"अस्मिता," भाऊ म्हणाले, "लॅग झाला म्हणून सांगू नको आज. जायचं असन तं तशीच जा."

तिचं नाव पडद्यावर तसंच होतं.

"तुही आई तीन दिवस शुद्धीत होती. तुले मी बेशुद्ध होती म्हणून सांगतलं. खोटं सांगतलं. दर घडीले विचारे, अस्मिता निघाली का. मी म्हणो, निघाली, येऊन राह्यली. गाडीत बसली म्हणो. नागपूरले पोचली म्हणो." त्यांचा आवाज कुठे थांबला नाही, एकसारखा चालत राहिला. "तिनं दरवाज्याकडे तोंड करून घेतलं होतं. मी तुले फोनच नोता केला."

गेममध्ये कुठूनतरी गोळ्या आल्या. आधी भाऊंचा माणूस पडला, मग तिचा. पडदा काळपट झाला आणि हरल्याची पाटी आली. दोघांपैकी कोणीही बटण दाबलं नाही. मला खात्री होती की आता तिचं नाव जाणार, आणि कायमचं जाणार, आणि त्याला कारण माझी लांब जीभ असणार.

"तिसऱ्या दिवशीही विचारलं?" ती म्हणाली.

"हो."

"तिसऱ्या दिवशीही तुम्ही म्हणालात, येऊन राह्यली?"

"हो बाई."

मग ती भांडायला लागली. रडली असती तर मला बघवलं नसतं, पण ती भांडली. दोन वर्षांचं सगळं. पेपर काय चुलीत घालायचा होता का, म्हणाली. तुम्हाला कोणी ठरवायला सांगितलं होतं, म्हणाली. मामांनी घाई केली तेव्हा तुम्ही काऊन गप्प बसले, म्हणाली, आणि बंगळूरच्या तुटक मराठीतून ती आमच्या बोलीत कधी उतरली ते तिलाही कळलं नसेल. आवाज एवढा चढला की स्पीकर फाटायला लागला. मी हळूच उठून बाहेर गेले आणि काचेचं दार ओढून घेतलं. पाऊस थांबला होता, स्टँडवर गडचिरोलीची गाडी लागली होती. तीनचे साडेतीन झाले, पावणेचार झाले. आतून शब्द कळत नव्हते, नुसता तिचा आवाज येत होता. भाऊ टेबलावर दोन्ही हात टेकून स्पीकरसमोर वाकले होते, मान हलवत होते, मध्येच काहीतरी बोलायला जायचे आणि ती त्यांना बोलू देत नव्हती. चार वाजून गेले तरी ती बोलतच होती.